हातोडाफेकीत दोन गोल्ड जिंकलेला आयरिश डॉक्टर कोण?

लेकीची_आई: मुलगी एमबीबीएस सेकंड इयरला आहे, हातोडाफेक करते, आणि घरात रोज तोच वाद, अभ्यास का ग्राउंड. तिचे कोच सर म्हणाले आयर्लंडच्या एका डॉक्टरने दोनदा ऑलिम्पिक मारलंय. कोण हा? खरंच पेशंट तपासायचा का नुसती डिग्री होती?

मैदानवेडा: डॉ. पॅट ओ'कॅलॅहन! कॉर्क परगण्यातला, कँटर्कजवळचा. ताई, हा इतक्या लहान वयात डॉक्टर झाला की आयर्लंडमध्ये प्रॅक्टिस करायला वयच बसत नव्हतं, मग इंग्लंडला जाऊन रॉयल एअर फोर्समध्ये डॉक्टर म्हणून लागला. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये ५१.३९ मीटर, दुसऱ्या नंबरच्या स्वीडिश खेळाडूपेक्षा फक्त १० सेंटिमीटर जास्त, आणि स्वतंत्र आयर्लंडचं ते पहिलं गोल्ड. नंतर क्लॉनमेल गावात दवाखाना टाकला, १९९१ ला वारला तो तिथेच. नुसती डिग्री नव्हती.

जुना_थ्रोअर: १९३२ चं लॉस एंजेलिस मुलीला नक्की सांगा. सर्कल, म्हणजे ज्या गोलात उभं राहून फेकतात ते, त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप कडक निघालं, बुटांचे खिळे लांब, आत रुततच नव्हते, गिरकी घेताना पाय अडकायचा. मग ऐन स्पर्धेत करवत आणि कानस आणून खिळे कापत बसला, सोबत मदतीला बॉब टिस्डॉल, ज्याने त्याच दुपारी ४०० मीटर हर्डल्सचं गोल्ड जिंकलं! फिनलंडचा पोर्होला ५२.२७ वर पुढे होता, आणि याने शेवटच्या फेऱ्यांत ५३.९२ फेकला. मी स्वतः फेकायचो, पाय सरकला की काय होतं ते माहितीये, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा येतो.

मैदानवेडा: आणि १९३६ चं दुःख राहिलंच. आयर्लंडच्या संघटनेचा आंतरराष्ट्रीय फेडरेशनशी सीमेवरून वाद, उत्तर आयर्लंड कोणाच्या हद्दीत धरायचं यावरून, आणि बर्लिनला टीमच गेली नाही. पुढच्याच वर्षी फरमॉयला ५९.५६ फेकला, १९१३ पासूनचा ५७.७७ चा विश्वविक्रम पार मागे, तोही मान्य केला नाही. मला अजून राग येतो याचा.

लेकीची_आई: दोघांचे मनापासून आभार. मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, तो ५९.५६ वाला हातोडा किती किलोचा?

जुना_थ्रोअर: पुरुषांचा १६ पौंडी, म्हणजे ७.२६ किलो. तिचा ४ किलोचा असेल. सध्या किती जातोय?