लेक शोर ३३५ ईपिक्सला जोडला, पण तापमानाचा पीव्ही कायम 'इनव्हॅलिड'

नवा_आयओसी
उबुंटूवर ईपिक्स (प्रयोगशाळेतली उपकरणं नेटवर्कवरून चालवायची प्रणाली) बेस ७, पोर्ट सांभाळणारं असिन आणि उपकरणाच्या कमांड सांभाळणारं स्ट्रीमडिव्हाइस बिल्ड झालंय. लेक शोर ३३५ तापमान-नियंत्रक यूएसबीने जोडलाय. आयओसी (उपकरणाशी बोलणारा ईपिक्सचा सर्व्हर प्रोग्रॅम) सुरू होतो, पीव्हींची (नेटवर्कवर नावाने मिळणाऱ्या किमतींची) यादीही दिसते, पण तापमान 'इनव्हॅलिड'च, आणि कन्सोलवर १००० मिलिसेकंदांत उत्तर नाही असा मेसेज. स्टार्टअप फाइलमध्ये सिरियल पोर्टचं नाव आणि डिव्हाइसचा पाथ एवढंच लिहिलंय. सेटपॉइंटचा (हव्या असलेल्या तापमानाचा) पीव्ही ० दाखवतो, उपकरणाच्या पडद्यावर मात्र ७७ केल्व्हिन. दुसऱ्या पीसीवरून तर एकही पीव्ही सापडत नाही. एका उपकरणासाठी एवढा खटाटोप करावा की सरळ पायथन स्क्रिप्ट लिहावी?

पॅरिटी_बिट
फक्त पोर्ट कॉन्फिगर केलात तर असिन ९६०० बॉड (वेग), ८ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट असंच धरून चालतं. ३३५ च्या यूएसबीला लागतं ५७६००, ७ बिट, ऑड पॅरिटी, १ स्टॉप बिट. या चार ओळी असिनच्या सेट-ऑप्शनने द्या, पोर्ट कॉन्फिगर केल्यानंतर आणि आयओसी-इनिट या सुरू करणाऱ्या कमांडच्या आधी. स्ट्रीमडिव्हाइसच्या प्रोटोकॉल फाइलमध्ये टर्मिनेटर (संदेश संपल्याची खूण) सीआर-एलएफ.

नुसता बॉड बदलून थांबू नका, कारण तिथेच लोक फसतात. ७ बिट अधिक पॅरिटी आणि ८ बिट बिनपॅरिटी, दोन्हींची फ्रेम १० बिटांचीच. त्यामुळे निम्मी अक्षरं बरोबर जातात-येतात, बाकीच्यांचा आठवा बिट चुकतो: १ आणि २ नीट दिसतात, ० आणि ३ कचरा होतात. कमांडमध्येच चुकीची पॅरिटी आल्यावर उपकरण गप्प बसलं तर नवल नाही.

तरीही अडलं तर असिनचा ट्रेस मास्क ९ आणि ट्रेस-आयओ मास्क २ करा. काय गेलं, काय आलं ते शेवटच्या सीआर-एलएफसकट दिसेल. तेव्हा मिनिकॉम (सिरियल टर्मिनलचा प्रोग्रॅम) बंद हवं, नाहीतर उत्तरं तेच खाऊन टाकतं.

सेटपॉइंट_सांभाळा
सेटपॉइंटचा तो ० धोकादायक आहे. एओ रेकॉर्डला (किंमत उपकरणाकडे पाठवणाऱ्या पीव्हीला) उपकरणातली किंमत आपोआप कळत नाही. प्रोटोकॉलमध्ये सेटपॉइंट पाठवण्याच्या ब्लॉकातच 'अ‍ॅट-इनिट' हँडलर घाला: सेटपॉइंट विचारायचा आणि उत्तर %एफ ने वाचायचं. म्हणजे आयओसी उठताना ७७ घेऊनच उठेल. या रेकॉर्डवर पिनी हे फील्ड 'येस' ठेवू नका. सुरू होताच रेकॉर्ड प्रोसेस होऊन लेखन उपकरणापर्यंत जातं.

ड्राइव्ह-लो आणि ड्राइव्ह-हाय मर्यादाही द्या. दोन्ही ० राहिल्या तर ईपिक्स काहीच अडवत नाही, चुकून ७७० टाइप केलं तर ७७० च जाईल. पुढच्या पॅनलवरून कुणी सेटपॉइंट बदलला तर तो दिसायला वेगळा एआय (किंमत वाचणारा) रेकॉर्ड हवा, दर १ सेकंदाला स्कॅन होणारा.

नवा_आयओसी
पॅरिटीनेच अडवलं होतं, आता ७७.३५ येतंय. पण रीबूट केल्यावर यूएसबी-० चं यूएसबी-१ झालं.

पॅरिटी_बिट
ते नाव वापरूच नका. डेव्हमधल्या सिरियल फोल्डरात 'बाय-आयडी' आहे, त्यातला पूर्ण पाथ द्या; त्यात अनुक्रमांक असतो. आयओसी चालवणारा यूझर डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) आहे ना, तेही बघा.

ब्रॉडकास्ट
दुसऱ्या पीसीचं: ईपिक्सचा नेटवर्क प्रोटोकॉल चॅनल अ‍ॅक्सेस पीव्ही शोधतो यूडीपी ५०६४ वर ब्रॉडकास्टने, मग टीसीपीने जोडतो. फायरवॉलमध्ये ५०६४ चे दोन्ही आणि बीकनसाठी (आयओसी चालू असल्याच्या इशाऱ्यासाठी) यूडीपी ५०६५ उघडा. सबनेट वेगळा असेल तर ब्रॉडकास्ट राउटरपलीकडे जात नाही. क्लायंटवर चॅनल अ‍ॅक्सेसच्या अ‍ॅड्रेस लिस्टमध्ये आयओसीचा आयपी लिहा.

पुढे त्याच मशीनवर दुसरा आयओसी चढवाल तेव्हा हेच अंगाशी येईल. थेट आयपीवर आलेला शोध दोघांपैकी एकाच आयओसीला मिळतो, लिनक्सवर साधारणपणे शेवटी सुरू झालेल्याला. पहिल्याचे पीव्ही गायब! तेव्हा लिस्टमध्ये मशीनचा आयपी नको, त्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता लिहा; मध्ये राउटर असेल तर त्याने तो पुढे सोडायला हवा. दुसरा आयओसी टीसीपीसाठी ५०६४ सोडून भलताच पोर्ट घेतो, फायरवॉलला तेही सांगावं लागतं.

एकच उपकरण, एकच पीसी, एकच माणूस असेल तर पायथन पुरे. दोन प्रोग्रॅमना एकाच वेळी तापमान हवं झालं की सिरियल पोर्टवर भांडण लागतं, आणि ते सोडवायलाच आयओसी. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोचं संथ नियंत्रणही ईपिक्सवरच चालतं, त्यामुळे हिंगोलीच्या लायगो-इंडियाकडे डोळा असेल तर हे शिकलेलं वाया जाणार नाही.