मदत हवी आहे: हमिंगबर्ड सोडून परत मधमाशीकडे वळलेलं फूल

बारावीच्या मुलांपुढे परागीभवन आणि उत्क्रांती यावर दहा मिनिटं बोलायचंय. एका जागी अडकलेय.

उदाहरण मिम्युलस (मंकीफ्लॉवर) या फुलझाडाचं घेतलंय. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात याच्या दोन जवळच्या जाती आहेत. लेविसी गुलाबी, पसरट, मधमाशीला उतरायला ऐसपैस जागा. कार्डिनालिस लाल, पाकळ्या मागे मुडपलेल्या, मध भरपूर आणि पुंकेसर इतके पुढे आलेले की हमिंगबर्डच्या कपाळालाच पराग लागतात. ब्रॅडशॉ आणि शेम्स्के या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रंगाचा एकच जनुकीय भाग संकराने अदलाबदल केला, तर लेविसीवर हमिंगबर्डच्या फेऱ्या ६८ पट वाढल्या! कार्डिनालिसवर मधमाश्यांच्या ७४ पट.

गाडी अडते ती पेन्स्टेमॉन या दुसऱ्या फुलझाडापाशी. तिथे मधमाशीकडून हमिंगबर्डकडे हा बदल अनेकदा, स्वतंत्रपणे झालाय. उलटा जवळजवळ नाहीच. निळ्या रंगाचं जनुक निकामी झालं की फूल लाल होतं आणि मोडलेलं जनुक पुन्हा जुळणं कठीण, हे कारण पटतं. पण मुलं विचारणारच, म्हणजे कायमचा वन-वे का?

पाठ्यपुस्तकं, विकिपीडिया चाळून झालं. हमिंगबर्डची फुलं म्हणजे लाल रंग, लांब नळी, वास नाही, एवढ्यावर सगळे थांबतात. शिंजीर (सनबर्ड) पक्ष्याची फुलं सुचवू नका, तो वेगळ्या कुळातला. प्रयोगशाळेतला संकरही नको.

हमिंगबर्डकडून मधमाशीकडे किंवा पतंगाकडे निसर्गातच परतल्याचं, वंशवृक्षावरून दाखवलेलं उदाहरण कोणत्या प्रजातीत आहे?