टीएच्या कॅम्पमधे ऑब्झर्व्हेशनच्या दिवशी १० मिनिटांत दिसलो, चुकतंय कुठे?

माणदेशी_गडी
नमस्कार मंडळी, मी सिव्हिलमधे हिशेबाचं काम करतो आणि गेल्या वर्षी टेरिटोरियल आर्मीत लागलो, म्हणजे वर्षातले दोन महिने वर्दी आणि बाकी आपलं ऑफिस. सध्या कॅम्प चालू आहे. परवा फील्डक्राफ्टच्या, म्हणजे रानात लपायचं-बघायचं शिकायच्या दिवशी दोघादोघांच्या जोड्या करून आम्हाला माळावर सोडलं, ४० मिनिटं लपून बसायचं आणि समोरच्या उतारावर काय दिसतं ते वहीत लिहायचं, शिकवणारे उस्ताद आम्हाला शोधायला पलीकडच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन बसलेले. मी हेल्मेटच्या जाळीत घाणेरीचा पाला खच्चून भरला, तोंडाला क्रीम चोपडली आणि एका बाभळीच्या झुडपाआड पडलो. १० मिनिटांत पहिला नंबर माझाच पुकारला. दुसऱ्या फेरीत उतारावर १० वस्तू ठेवलेल्या होत्या, चहाचा मग, बूट, आरसा असलं काय काय, त्यातल्या मला ३ दिसल्या आणि जोडीदाराला ७. उस्ताद रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "सोचो, क्यों दिखे." तेव्हापासून तेच डोक्यात चाललंय, कारण उद्या खरी ड्युटी लागली तर माझ्यापायी जोडीदारही उघडा पडणार. पुढच्या आठवड्यात परत हाच पिरियड आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

निवृत्त_हवालदार
भाऊ, आधी हे की मनाला लावून घेतलंत हे चांगलं झालं. वस्तू का दिसते त्याची कारणं, शक्ल (आकार), साया (सावली), चमक, सतह (पृष्ठभाग), बॅकग्राउंड, फासला (अंतर), हरकत (हालचाल), हे तुम्हाला पाठ असणारच, आता एकेक स्वतःवर लावून बघा. माळावरचं गवत या दिवसात पिवळं पडलेलं असतं आणि तुम्ही त्यात गडद हिरवी घाणेरी घेऊन पडलात. शिवाय तोडलेला पाला उन्हात तासाभरात मान टाकतो, आणि पानं उलटी खोचली गेली तर खालची फिकी बाजू लांबून पांढरट दिसते. जिथे पडायचं तिथलंच गवत तिथेच उपटून लावायचं, थोडंच लावायचं, नुसती डोक्याखांद्याची गोलाई मोडली की पुरे. दुसरं म्हणजे ते झुडूप. माळावर एकटं झुडूप असेल तर दुर्बीणवाला सगळ्यात आधी तिथेच बघतो, मी पण तेच करायचो. एक सांगा, झुडपाच्या वरून बघत होता की बाजूने?

माणदेशी_गडी
वरूनच बघत होतो काका, बाजूने नीट दिसत नव्हतं. आणि खाली मुंग्या होत्या त्यामुळे हात दोनतीनदा हलला. अजून एक, आम्ही पडल्यापासून डोक्यावर टिटव्या ओरडत होत्या, त्याचा काही संबंध असेल का?

रानवाटा
टिटव्यांचा तर शंभर टक्के संबंध आहे दादा! मी बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला ताडोबात मचाणावर बसलोय, तिथे आम्ही वाघ शोधायला आधी कान लावतो, वानर नाहीतर चितळ ओरडलं की तिकडे बघायचं. टिटवी जमिनीवर राहणारी, तिच्या हद्दीत कोणी शिरलं की ती वर उठून घिरट्या घालत कोकलते आणि खाली कोण आहे ते सगळ्या माळाला कळतं. शिरताना ती दिसली तर सरळ वळसा घालून लांबची जागा धरा. आणि एकदा पडलात की अंग सोडून द्या. माणूस हलायचा थांबला की थोड्या वेळाने पाखरं आपापल्या कामाला लागतात, मचाणावर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर बुलबुल येऊन बसलेला आहे, मी श्वास सुद्धा हळू घेत होतो. मुंग्यांचं म्हणाल तर पडायच्या आधी हाताने जमीन चाचपून घ्या, दोन मिनिटं जातात पण पुढचा अर्धा तास वाचतो.

एनसीसी_मॅडम
सगळे लपण्यावरच बोलताहेत, मला ३ वस्तूंची जास्त काळजी वाटते. लपायचं ते बघण्यासाठीच ना? मी कॉलेजच्या कॅडेट्सना हे शिकवते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून त्या दिशेने नजर सराईतपणे घसरत जाते आणि मधलं सुटतं, उजवीकडून डावीकडे बघितलं की डोळा अडखळतो आणि नीट बघतो. समोरच्या जमिनीचे जवळचा, मधला आणि लांबचा असे तीन पट्टे पाडा, जवळच्यापासून सुरू करा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. आणि अख्खा बूट शोधू नका हो! गवतात सरळ रेघ दिसली, सावली नको त्या आकाराची दिसली की तिथे थांबा, सरळ रेघ रानात सहसा नसते. २० मिनिटांनी जोडीदाराशी अदलाबदल करा, एकाने बघायचं आणि दुसऱ्याने वेळ टाकून लिहायचं, थकलेला डोळा उघडा असूनही बघत नाही. रात्रीचा पिरियड असेल तर अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास द्या, मधे एकदा जरी मोबाईल उघडला तरी सगळं परत पहिल्यापासून.

माणदेशी_गडी
मॅडम, उजवीकडून डावीकडे हे आज संध्याकाळी बराकीसमोर करून बघितलं, खरंच वेग आपोआप कमी होतो. सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं, मला चष्मा आहे आणि काढला तर लांबचं दिसत नाही. काय करू?

निवृत्त_हवालदार
चष्मा काढू नका. मग तुमचा नंबर पुकारला गेला तो बहुतेक चमकेनेच, दुर्बिणीतून काच लांबूनही लखकन मारते. हेल्मेट थोडं पुढे ओढा, जाळीचा तुकडा कपाळावरून नाकापर्यंत सोडा, आणि फ्रेम धातूची असेल तर तिला कापडी चिकटपट्टी गुंडाळा. दुर्बिणीच्या काचेलाही तीच जाळी. झुडपाच्या मागे नाही तर त्याच्या सावलीत आत पडा आणि उजव्या बाजूने, जमिनीलगत बघा. घड्याळ काढून खिशात ठेवा. आणि जागा धरतानाच ऊन तासाभराने कुठे सरकणार ते बघून घ्या, म्हणजे सावली निघून गेली म्हणून मधेच हलावं लागणार नाही.