सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी: फेस बाटलीबाहेरच येत नाहीये

ऐरोलीची_आई
मुलगा पाचवीत आहे, पुढच्या शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन. गणपतीतली उरलेली शाडू माती अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीभोवती थापली, गेरू लावला, दिसायला एकदम झकास झालाय. पण चमचाभर खायचा सोडा टाकून वरून व्हिनेगर ओतलं की फस्स्स होतं आणि खेळ खलास, फेस बाटलीच्या तोंडापर्यंतसुद्धा येत नाही. आमचे अहो म्हणतायत सरळ इनो टाक. शिवाय प्रत्येक घोळक्याला परत परत उडवून दाखवायचंय, दर वेळी बाटली धूत कोण बसणार? आणि परीक्षकांनी विचारलं की खऱ्या ज्वालामुखीत असंच होतं का, तर पोराने काय सांगायचं?

कोपरीकर
ताई, भांडी घासायचं लिक्विड टाकलंत का? त्याशिवाय गॅस नुसता हवेत निघून जातो, साबण असला की तो बुडबुड्यात अडकतो आणि मग फेस वर चढतो. अर्धा लिटरची बाटली पण फार मोठी पडते. तोंडाकडचा भाग कापा, आत पेपरचा बोळा कोंबा आणि त्यावर कफ सिरपची १०० मिलीची रिकामी बाटली बसवा. अशा पाच-सहा बाटल्या घरूनच व्हिनेगर, लाल रंग आणि थोडं लिक्विड घालून तयार न्यायच्या. सोड्याची टिश्यू पेपरमध्ये बारीक लांबट पुडी करायची, ती आत सोडली की टिश्यू भिजेपर्यंत क्षणभर काहीच होत नाही आणि मग भसकन वर येतं, पोरं ओरडतातच. झालं की बाटली उचला, दुसरी ठेवा. फक्त पुडी टाकल्यावर झाकण कोणी लावायचं नाही, बाटली फुटेल.

सेक्टर_१७
प्रमाणाचं सांगतो. किराणावाल्याकडचं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. सपाट चमचा सोडा म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, तो पूर्ण संपायला ९० मिलीच्या आसपास व्हिनेगर लागतं आणि त्यातून जवळपास १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे जास्त सोडा ओतून काही फायदा नाही, तो तळाशी तसाच बसून राहणार. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही आधीच असतं, पाण्यानेही फसफसतं, पण मग पोराला दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवता येत नाहीत आणि खर्च उगाच.

नौपाड्याची_मावशी
लाल रंगाला कुंकू टाका की, देवघरात असतंच!

सेक्टर_१७
मावशी नको, हळदीचं कुंकू असेल तर व्हिनेगरमध्ये पिवळं पडेल. हळदीला चुना लागल्यामुळेच ते लाल झालेलं असतं, आंबट लागलं की परत हळद. खायचा लाल रंग बरा. (खरं तर हाच एक वेगळा प्रयोग होईल, ज्वालामुखीपेक्षा भारी.)

पारसिकचा_दगड
दर वर्षी तोच ज्वालामुखी बघून कंटाळा आलाय हे आधी सांगतो, पण परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते बहुतेक पोरांना येत नाही. खऱ्या ज्वालामुखीत सोडा-व्हिनेगरसारखं काही नसतं. जमिनीखालच्या शिलारसात वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात, तो वर यायला लागला की दाब कमी होतो आणि गॅस बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतं तसं. म्हणजे गॅस बाहेर ढकलतो एवढंच तुमच्या मॉडेलशी जुळतं. बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतो आणि तुमचा फेस उलट गार लागतो, हात लावून बघा.

आता खरी गंमत. आपण राहतोय तेच लाव्ह्यावर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला, एकावर एक थर पसरले, त्यातूनच सह्याद्री, आपला पारसिक, खारघरचा डोंगर. म्हणून शंकूऐवजी भेगेचा ज्वालामुखी करा ना! आणि शेजारी एक खरा दगड ठेवा. बांधकामाच्या खडीच्या ढिगात भोकं पडलेला काळा दगड सापडतो बऱ्याचदा, ती भोकं म्हणजे त्याच गॅसचे बुडबुडे, लाव्हा थिजताना आत अडकलेले. काहींत पांढरं स्फटिकासारखं भरलेलं असतं, ते बऱ्याचदा झिओलाइट नावाचं खनिज, नंतर पाण्यातून साचलेलं. जिवंत ज्वालामुखी विचारला तर अंदमानातलं बॅरन बेट सांगायचं. लोणार सांगू नका, ते उल्कापाताचं विवर आहे.

ऐरोलीची_आई
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. भेगेचं करायला आता वेळ नाही, शाडू परत भिजवायचा जीव नाही माझा, शंकूच राहील. पण सोसायटीच्या मागे काम चालू आहे, तिथल्या ढिगातून भोकंवाला दगड पोराने आणला पण, पांढरं भरलेलाच आहे, तीनदा धुवून टीव्हीच्या बाजूला ठेवलाय. पुडीवाली ट्रायल बाथरूममध्ये केली, फेस पार गेरूवरून खाली आला. फक्त गेरू ओघळतोय, त्याला काय करू?

कोपरीकर
गेरूवर फेविकॉल पाण्यात पातळ करून दोन हात मारा, रात्रभर सुकू द्या. आणि खाली जुनी परात ठेवा, शाळेच्या टेबलावर लाल पाणी गेलं तर बाई प्रदर्शन संपायच्या आधीच पुसायला लावतील.