डेंटल कॉलेज : तुमचा हात कधी बसला?

रानजाई
भाचीला डेंटलला प्रवेश मिळाला. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, दात बत्तीसच ना गं? मग शिकायला इतकी वर्षं कशाला?" तिला उत्तर देता देता मी थेट पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये जाऊन पोचले. मेणाचा चौकोनी ठोकळा, हातात कार्व्हर म्हणजे कोरायचं हत्यार, आणि त्या ठोकळ्यातून वरची पहिली दाढ काढायची.

दाताला एकही बाजू सपाट नसते हे त्या ठोकळ्याने शिकवलं. गालाकडची बाजू वेगळी फुगते, जिभेकडची वेगळी. शेजारच्या दाताला तो नेमका कुठे टेकतो यावर तिथे घास अडकणार की नाही ते ठरतं. वरच्या पहिल्या दाढेला आतल्या अंगाला कधीकधी एक जास्तीचा उंचवटा असतो, काराबेलीचा कस्प. गेऑर्ग काराबेली हे एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे दंतवैद्य होते. त्या एवढ्याशा उंचवट्याला नाव देण्याइतकं कुणीतरी निरखून पाहिलं होतं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. अजूनही वाटतं.

आमच्या मॅडम डोळे मिटून दात बोटांत फिरवायच्या आणि सांगायच्या, वरचा की खालचा, उजवा की डावा. एक दिवस मलाही ते जमलं. त्या दिवशी माझा हात बसला असं मी धरते.

भाची हे सगळं वाचणार आहे. मास्तर, पेशंट, परीक्षा, काहीही लिहा.

चाफेकळी
मेण!!! स्पिरिट लॅम्पवर तापवलेला कार्व्हर आणि बोटांना बसलेले चटके. कणी खाली पडली की चपलेला चिकटून घरापर्यंत यायची.

देवदार
दातांचे नंबर राहिले की. पेशंटचा उजवा वरचा भाग १, मग डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४. समोर बसलेल्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे डोक्यात बसायलाच पहिलं सत्र गेलं. दुधाच्या दातांना परत ५ ते ८. आणि १६ ला, म्हणजे पहिल्या भागातल्या मधून सहाव्या दाताला, 'सोळा' नाही म्हणायचं, 'एक-सहा' म्हणायचं. 'सोळा' म्हटलं की आमचे सर काही न बोलता जर्नल परत द्यायचे.

मुक्ताफळ
मी डॉक्टर नाही, डॉक्टरची आई आहे, चालेल का? लेकाने माझ्या तोंडाचं अल्जिनेटमध्ये (ठसा घ्यायच्या लगद्यात) माप किती वेळा घेतलं असेल ते त्यालाच ठाऊक. ट्रे तोंडात गेला की घशाशी यायचं. मग तो म्हणायचा, "आई, मान थोडी पुढे घे, नाकाने श्वास घे, पायाचा अंगठा हलव." अंगठा हलवताना लक्ष तिकडे जायचं आणि उमासा थांबायचा. आता तो हेच पेशंटना सांगतो.
शिवाय त्याला सरावासाठी काढलेले दात हवे असायचे. बाटली भरून दात कपाटात. पाहुण्यांपासून लपवायची जबाबदारी माझी.

देवदार
@मुक्ताफळ काकू, तुमच्यासारख्या आया होत्या म्हणून आमचे जर्नल पूर्ण झाले. त्या बाटलीवरून आठवलं, भाचीला सांगा : चांदी (म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण) भरलेले दात वेगळे काढून ठेवायचे, ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालायचे नाहीत. उष्णतेने पाऱ्याची वाफ निघते. आम्हाला हे पहिल्याच तासाला बजावलं होतं.

निळी_शाई
खालच्या जबड्याचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन. यावर कुणीच कसं लिहिलं नाही अजून?

आमच्याकडे पहिलं इंजेक्शन एकमेकांना द्यायचं असे. जोड्या पाडलेल्या. माझी जोडीदार वसतिगृहातल्या खोलीतली मैत्रीण. तिने आधी मला दिलं, मग मी तिला. पुस्तकात सगळं सोपं असतं. अंगठा जबड्याच्या पुढच्या कडेच्या खोलगट जागी ठेवा, सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आणा, सुई हाडाला टेकेपर्यंत न्या, साधारण २० ते २५ मिलिमीटर. टेकली की किंचित मागे, मग दट्ट्या ओढून बघा, रक्त येत नाही ना. मगच औषध, आणि तेही हळू. ही नस जिथून हाडात शिरते तिथेच शेजारी धमनी आणि शीर असतात, म्हणून ती ओढून बघायची पायरी कधीच गाळायची नाही.

पण पुस्तकात समोरच्या माणसाचे डोळे नसतात. तिचे होते. ती माझ्याकडेच बघत होती आणि मला धीर यावा म्हणून पापण्या मिटून 'हो' म्हणत होती. सुई हाडाला टेकल्याचं जे बोटांना कळतं ते शब्दांत सांगता येत नाही. काही मिनिटांनी मी विचारलं, "ओठ जड झाला?" ती अर्ध्या ओठाने म्हणाली, "झाला." आम्ही दोघी रडलो. आजही ब्लॉक देताना मी आधी पेशंटच्या डोळ्यांकडे बघते, मग सुईकडे.

चाफेकळी
@निळी_शाई वाचताना माझाच ओठ जड झाला. ❤

पाणकोंबडा
मला फँटम हेड आवडायचं. लोखंडी दांड्यावर बसवलेलं डोकं, तोंडात प्लास्टिकचे दात. वरच्या दाढा कधीच सरळ बघायच्या नाहीत, आरशातच बघून काम करायचं. म्हणजे हात मागे न्यायचा तर आरशात पुढे येतो. वर एअरोटर (दात कोरायचं यंत्र) मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतोय आणि पाण्याच्या फवाऱ्याने आरसा सतत धूसर. आमचे सर सांगायचे, घरी आरशात बघून कागदावर तारे काढा, अक्षरं काढा. मी वह्या भरल्या होत्या.

कॅव्हिटीचं, म्हणजे किडीच्या खड्ड्याचं, सांगायचं तर कीड दातावर कुठे आहे त्यावरून केलेलं जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं वर्गीकरण आम्ही पाठ केलं, क्लास वन, टू, थ्री. त्या काळी भरलेलं टिकावं म्हणून शेजारचा चांगला भागही थोडा कापत. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटवून दाखवलं. पुढे त्याच वाटेने दात जास्तीत जास्त वाचवायची पद्धत आली. एकाच विषयाच्या परीक्षेत दोन्ही लिहावं लागे, जुना नियम आणि तो का सोडला ते. मला तो पेपर लिहायला फार आवडला होता. इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, आणि एकदा गेलं की परत तयार होत नाही. म्हणून बर (यंत्राचं फिरतं टोक) टेकवण्याआधी थांबायला शिकवणारे मास्तर मला सगळ्यात मोठे वाटतात.

सायलीचा_बाबा
१५ पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी

देवदार
४५ परत पांढरी 😄 रूट कॅनालच्या फाईल, म्हणजे मुळातली नळी साफ करायच्या, जाडीप्रमाणे रंग असलेल्या बारीक सुया, ज्याने वापरल्या त्याला हे झोपेतून उठवून विचारा.

सायलीचा_बाबा
आणि वरच्या पहिल्या दाढेतला तो चौथा कॅनाल! पुढच्या गालाकडच्या मुळात लपलेला. सापडला की शेजारच्या खुर्चीवरचे सगळे बघायला यायचे.

उन्हपाऊस
विषयांतर करतोय, माफ करा. अक्कलदाढ आडवी आहे असं सांगितलंय, दुखत नाही. काढू का?

रानजाई
@उन्हपाऊस एक्स-रे न बघता इथे कुणीही सांगू नये. हिरडी परत परत सुजते का, पुढची दाढ तिच्यामुळे किडते आहे का, मुळं जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत, हे बघून ठरतं. ज्यांनी तपासलं त्यांनाच हे तीन प्रश्न विचारा. काळजी घ्या.

गोकर्ण
मला डेंटल नको होतं. मेडिकलची जागा थोडक्यात हुकली आणि नातेवाइकांनी "निदान डॉक्टर तर होशील" असं समजावलं. ते 'निदान' दोन वर्षं छातीत रुतून होतं. भाचीच्या वर्गात अशी मुलं असतील, त्यांच्यासाठी लिहितोय.

तिसऱ्या वर्षी ओपीडीत एक काका कवळी टोचते म्हणून आले. आम्हाला नियम घालून दिला होता, तक्रार कसलीही असो, तपासणी पूर्ण करायची. जीभ गॉझने धरून बाहेर घ्यायची, दोन्ही कडा बघायच्या, जिभेखालचा भाग बघायचा, मग मानेतल्या गाठी चाचपायच्या. काकांच्या जिभेच्या कडेला एक जखम होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती मोजलीच नव्हती. कवळीची टोचणारी कड घासून दोन आठवड्यांनी बोलावलं. तोंडातली जखम कारण काढून टाकल्यावरही दोन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. भरली नव्हती. बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, पण लवकर सापडला होता. शस्त्रक्रिया झाली. पुढे ते दर तपासणीला आले की माझं नाव घेऊन विचारत, "तो पोरगा कुठाय?"

त्यानंतर मला कुणी 'निदान डॉक्टर' म्हटलं तरी काही वाटलं नाही.

निळी_शाई
@गोकर्ण दादा, नमस्कार तुम्हाला. त्या काकांनाही.

पाणकोंबडा
खूप मोठं लिहिलंत. वेगळं कॉलेज हवंच कशाला, असं म्हणणाऱ्यांना सांगायला एक : १८४० मध्ये बाल्टिमोरला होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी जगातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. तोवर हे काम बहुतेक करून कुणाच्या तरी हाताखाली राहूनच शिकत. आणि १८६६ मध्ये ल्युसी हॉब्ज या डेंटलची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनाही आधी प्रवेश नाकारला होता. भाचीला हे नाव नक्की सांगा.

चाफेकळी
माझा आवडता विभाग पेडो, म्हणजे लहान मुलांच्या दातांचा. मुलाला आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. हवेचा फवारा आधी त्याच्या नखावर सोडायचा. "दुखणार नाही" असं कधी म्हणायचं नाही, "गुदगुल्या होतील, आवाज येईल" म्हणायचं. खोटं बोललं की ते पोर परत तोंड उघडत नाही. आणि आयांना एकच गोष्ट शंभरदा सांगायची : सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नाही, कायमची आहे. दुधाचा कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तीच सगळ्यात आधी किडते.
कुकर लावून येते, अजून लिहायचंय.

मुक्ताफळ
अगं बाई, माझ्या नातीची हीच दाढ! आम्ही पडेल म्हणून सोडून देणार होतो. उद्याच दाखवते.

ओंजळ
कोट्याबद्दल कुणीतरी बोला. इतक्या स्केलिंग (दातांची सफाई), इतक्या कवळ्या, इतक्या आरसीटी (रूट कॅनाल) पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. शेवटच्या महिन्यात प्रत्येकजण पेशंटला फोन करतोय, "काका, येताय ना?" परीक्षेच्या सकाळी माझे पेशंट आलेच नाहीत. एका सीनिअरने स्वतःच्या पेशंटला विनंती करून माझ्या खुर्चीवर बसवलं. मी तिला तेव्हा ओळखतही नव्हते. कुणाचा पेशंट आला नाही तर धावणारी माणसं या कॉलेजांत असतात, हे नव्या मुलांना माहीत असू दे.

देवदार
+१. पेशंट आला नाही हे स्वप्न मला अजून पडतं.

गोकर्ण
कवळीवरून. दात मेणात बसवून ट्रायलला लावले की आम्ही आजी-आजोबांना साठ ते सत्तर मोजायला लावायचो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... 'स' आणि 'ष' म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात पण आपटायला नकोत. आपटले तर जबड्याची उंची जास्त धरली गेली. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद लागली पाहिजे. एक आजी सत्तरला थांबल्याच नाहीत, आरसा हातात धरून शंभरपर्यंत मोजत गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत होता. सर म्हणाले, मोजू दे त्यांना.

चाफेकळी
😭

झुळूक
मी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि डावखुरी आहे. सगळ्या खुर्च्या उजव्या हाताच्या. ट्रे तिकडे, सक्शन तिकडे. मला वळून वळून पाठ धरते. कुणी डावखुरं आहे का इथे?

ओंजळ
@झुळूक आहे गं मी! उजव्या हाताने शिकायचा प्रयत्न करू नकोस, तुझी बोटं तुझीच राहू देत. पेशंटच्या डोक्यामागे घड्याळाचे १२ धर, उजवे लोक ९ ते १२ च्या मध्ये बसतात, तू १२ ते ३ च्या मध्ये बस, सगळं उलट करून. क्लिनिकल पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीच विभागप्रमुखांना भेट. बऱ्याच कॉलेजांत एकदोन युनिट अशी असतात की ज्यांचा ट्रे दुसऱ्या बाजूला फिरतो, ते तुझ्या नावावर लिहून घे. नसेल तर भिंतीपासून लांबची खुर्ची माग, निदान फिरायला जागा मिळेल. आणि पेशंटचं डोकं वळवून घे, स्वतःची मान वळवू नकोस. आम्हा सगळ्यांच्या माना इथेच जातात.

झुळूक
ताई, थँक्यू. इतके महिने मी उजव्या हाताने स्केलर धरत होते. ट्रे फिरणारं युनिट कसं ओळखायचं?

ओंजळ
ट्रे ज्या दांड्यावर आहे तो खुर्चीच्या पायथ्याला जोडलेला असेल तर डोक्यावरून किंवा पायाकडून फिरतो का ते बघ. भिंतीला किंवा कपाटाला जोडलेला असेल तर नाही फिरणार. फोटो टाक, बघते. आत्ता पेशंट आलाय, दुपारी लिहिते.