आजीच्या अठरा सेकंदांचं काय करायचं? (शुक्रवारच्या आत)

प्रेषक: ताई (लघुपट गट)
सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, शुक्रवारी रात्री बाराला फेस्टिव्हलचा फॉर्म बंद होतोय आणि त्यात एक चौकोन आहे, 'चित्रपटातल्या सर्व संगीताचे हक्क घेतलेले आहेत', तो टिक केल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही. आपल्याकडे संगीत एकच, शेवटी आजी गोधडीला टाके घालताना गुणगुणतात ते 'आधी बीज एकले'. अठरा सेकंद. मी टिक करणारच होते, तुकोबांच्या अभंगाला कसला आलाय कॉपीराइट, पण साउंडवाला म्हणाला एकदा मंडळाच्या मेल-यादीवर विचार. तर विचारतेय. हो म्हणा म्हणजे मी झोपते.

ट्रायपॉडची प्लेट अजून सापडलेली नाही. ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप कपाटात ठेवावी, कोणी काही विचारणार नाही.


प्रेषक: अण्णा
मंगळवार, सकाळी ६.०५

अगं झोपू नकोस. तो तुकोबांचा नाहीच. गाथेत शोधून दाखव, सापडायचा नाही. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' काढला तेव्हा शांताराम आठवल्यांनी तो लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावली. इतका बेमालूम उतरला की तेव्हापासून लोक तो तुकोबांचा म्हणूनच गातात.

आणि आता विषय निघालाच आहे तर सांगतो, हे असं लिहून घेता येतं कारण माणसं एका आवारात असतात. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढली, १९३३ साली पुण्याला आली. लिहिणारा, चाल लावणारा, सेट उभारणारा, सगळे तिथेच. गीत जमलं नाही तर उठून शेजारच्या खोलीत जायचं. आपल्याकडे लघुपट गट आणि संगीत कट्टा एकाच हॉलच्या दोन खोल्यांत बसतात आणि एकमेकांना मेल पाठवतात.


प्रेषक: भाचा
मंगळवार, सकाळी ९.१२

अण्णा भारी माहिती! पण १९३६ म्हणजे संपलाच ना कॉपीराइट, नव्वद वर्षं होत आली. शिवाय तीस सेकंदांच्या आत असेल तर चालतं असं मी पक्कं ऐकलंय आणि आपलं तर अठराच आहे. टिक कर ताई.


प्रेषक: वकील वहिनी
मंगळवार, दुपारी १.३०

टिक करू नकोस.

तीस सेकंदांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही, ही अफवा दर सहा महिन्यांनी या यादीवर येते आणि दर वेळी मीच उत्तर देते. दुसरं म्हणजे गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्ड अशा तीन वेगळ्या मालमत्ता असतात. भारतात रेकॉर्डला प्रकाशनापासून ६० वर्षं, त्या हिशोबाने ती मूळ तबकडी कधीच मोकळी झाली. पण आपण तबकडी वापरलेलीच नाही, आजी स्वतः गातायत. आपल्याला लागतात शब्द आणि चाल, आणि त्यांची मुदत धरतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आठवले १९७५ साली गेले, म्हणजे शब्द २०३५ संपेपर्यंत बांधलेले. चालही अजून मोकळी नाही. थोडक्यात भाचेबुवा, जे मोकळं आहे ते आपल्याला नको आणि जे हवंय ते मोकळं नाही. वर आपण राहतो परदेशात, मुदतीचं गणित देशागणिक बदलतं, ते मी इथे सुरूही करत नाही.

परवानगी जरूर मागता येईल. पण शब्दांचे आणि चालीचे हक्क आज नेमके कोणाच्या हातात आहेत हे शोधण्यातच महिना जाईल, शुक्रवार विसरा.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
मंगळवार, दुपारी १.५२

वहिनी, मग काय करू? शॉट कापता येत नाही, पिक्चर तिथेच संपतं. आजी परत गेल्या, त्यांचा व्हिसा संपला, रीशूट नाही. आणि नुसता आवाज बंद केला तर ओठ हलताना दिसतात, बाई मनातल्या मनात बडबडतेय असं वाटतं, मी आत्ता करून बघितलं.


प्रेषक: काकू (संगीत कट्टा)
मंगळवार, रात्री ८.२०

खऱ्या तुकोबांचा अभंग घ्या आणि चाल आपली लावा, संपला प्रश्न. मी गाते. आज पेटी काढतेच आहे. पण काही गोष्टी आधीच बोलून ठेवते.

'वृक्षवल्ली' सुचवू नका, तो तुकोबांचाच आहे पण तुमच्या कानात जी चाल आहे ती कोणाची तरी आहे, म्हणजे पुन्हा त्याच खड्ड्यात.

आणि माझं नाव 'विशेष आभार'मध्ये नको. मागे एका फिल्मसाठी (या मंडळातली नाही) मी फुकट पेटी वाजवून दिली, कागद काही नाही, विश्वासाचा मामला. त्यांनी पुढे साउंडट्रॅक म्हणून कोणा वितरकाकडे दिली. वर्षभराने मी माझीच चाल वाजवतानाचा माझाच व्हिडिओ टाकला तर यूट्यूबचा क्लेम आला, की हे संगीत दुसऱ्याचं आहे. यंत्राला काय, ज्याने आधी नोंदवलं त्याचं! तीन आठवडे मी माझ्याच बोटांचे पुरावे देत होते. त्यामुळे या वेळी एक पान लिहून सही करू, मगच पेटीचा भाता हलेल.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
मंगळवार, रात्री ८.४१

काकू एक पान नक्की, दोन पानं करू. पण आवाज तुमचा नको, रागावू नका. तुमचा आवाज फार सुरेल आहे. आजी तिथे सूर चुकतात, मध्येच श्वास घेतात, दोरा ओढताना 'ए' जरा लांबतो, शॉट त्याच्यावरच उभा आहे.


प्रेषक: काकू (संगीत कट्टा)
मंगळवार, रात्री ८.४४

बेसूर गाता येतं मला.


प्रेषक: साउंडवाला
मंगळवार, रात्री ११.१५

(काकूंच्या मेलला उत्तर नाही, त्यात मी पडत नाही.)

ताई, काकू म्हणतात नुसता अभंग बदलू, पण आजींचं गाणं आणि खोलीचा आवाज एकाच माइकवर आहे. गाणं काढलं की घड्याळाची टिकटिक, सुई, दोरा ओढल्याची सर्र, सगळंच जातं. सुदैवाने शूटच्या दिवशी मी सगळ्यांना चाळीस सेकंद गप्प उभं केलं होतं, आठवतंय? भाचा हसला होता म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. तो रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, आज कामाला येतोय. दोऱ्याचा आवाज मी घरी गोधडी आणि जाड सुई घेऊन नव्याने करतो.

नवीन गाणं कोणीही गा, पण रेकॉर्ड ४८ किलोहर्ट्झवर करा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने. मागच्या वेळी कट्ट्याकडून ४४.१ची फाइल आली आणि टाइमलाइनवर कोणीतरी ती ४८ समजून टाकली. जवळपास नऊ टक्के पळाली. काळी चारचा तानपुरा पेटीच्या पट्ट्यांत धड पांढरी सहा नाही, धड काळी पाच नाही असा कुठेतरी लटकला आणि दोन दिवस लोक मला म्हणत होते पेटी बेसूर आहे.


प्रेषक: तबलजी
बुधवार, सकाळी ७.३०

त्या वेळी फाइल कट्ट्याकडून बरोबरच गेली होती, टाइमलाइनवर कोणी टाकली ते लघुपट गटाने बघावं. उगाच आमच्यावर नको.


प्रेषक: कार्यवाह
बुधवार, सकाळी १०.००

सर्व सभासदांस, कपाटातील दोन्ही माइक आणि रेकॉर्डर हे मंडळाच्या मालकीचे असून त्यांचा वापर करायचा झाल्यास वहीत नोंद करावी. तसेच लघुपट गट हा मंडळाचा उपक्रम आहे की स्वतंत्र, याचा निर्णय मागील सभेत झालेला नाही, त्यामुळे फेस्टिव्हलच्या फॉर्मवर 'निर्माता' म्हणून कोणाचे नाव जाणार ते कार्यकारिणीला आधी कळवावे.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
बुधवार, सकाळी १०.०७

निर्माता मी. पैसे माझे गेलेत. माइक वहीत लिहिलाय, पान उलटा.

आता कामाचं. काल रात्री अण्णांशी फोनवर तासभर बोलून आम्ही ओठ जुळवले. असं आहे की 'आधी बीज एकले' म्हणताना ओठ मिटतात फक्त एकदाच, 'बी'वर. बाकी सगळं उघड्या तोंडाचं. म्हणून असा अभंग पाहिजे जो 'आ'ने सुरू होतो आणि तिसऱ्या जागेवर प-फ-ब-भ-म यातलं काहीतरी येतं, नंतर काही नाही. 'आनंदाचे डोही'मध्ये ओठ मिटतच नाहीत, बाद. मग अण्णा म्हणाले 'आम्हां घरी धन'. अक्षरं सहा, आपल्याला हवीत सात. पण 'आ' दोन अक्षरं लांबवला की 'म्हां' बरोबर 'बी'वर पडतो, आणि 'घरी धन'मध्ये पुढे एकही ओठ मिटत नाही! मी स्क्रीनसमोर बसून गायले, अंगावर काटा आला. पुढची ओळ हातांच्या क्लोजअपवर आहे, तिथे काय वाटेल ते गा.


प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी ११.२०

तासभर नव्हे, दीड तास. आणि गंमत बघ, शब्दांवरून एवढा घोळ झाला नि सापडला तो 'शब्दांचीच रत्ने'वाला. हा मात्र गाथेतला आहे, मी पान उघडून बसलोय.


प्रेषक: साउंडवाला
बुधवार, दुपारी १२.०५

'बी'ला तोंड पसरतं आणि 'म्हां'ला उघडतं, ते दिसणार. पण आजी तिरक्या बसल्यात आणि उजेड खिडकीतून पाठीमागून येतोय, तर खपेल. ओठ मिटायची जागा मात्र एका फ्रेमच्या आत पाहिजे, म्हणजे चोवीसावा भाग सेकंदाचा. दोन फ्रेम हलली तर डब केलंय हे लहान पोरालाही कळतं.


प्रेषक: काकू (संगीत कट्टा)
बुधवार, संध्याकाळी ६.३०

चाल झाली. दोन सुरांवरच ठेवलीय, म्हाताऱ्या माणसाला वर जायला लावायचं नाही. मी आजींना फोन केला, त्यांनी पहिल्या झटक्यात उचलली. म्हणाल्या, 'आमच्याकडे हे असंच म्हणायचे', म्हणजे माझ्या चालीचं श्रेय पाच मिनिटांत गेलं. असो. आवाज त्यांचाच ठेवा, मी बेसूर गाऊन बघितलं, जमत नाही.

कागद वहिनींनी केलाय. फेस्टिव्हल, हॉलमधलं प्रदर्शन आणि ऑनलाइन तिन्ही आत्ताच लिहून टाकलंय, कारण लोक नुसतं फेस्टिव्हलपुरतं घेतात आणि पिक्चर पुढे गेलं की पुन्हा दारात येतात. चाल माझी राहणार, ताईने ती याच फिल्ममध्ये वापरायची, दुसरीकडे द्यायची तर विचारायचं.


प्रेषक: वकील वहिनी
बुधवार, रात्री ९.१०

जोडून सांगते, भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातली रॉयल्टी सोडूनच देता येत नाही, सही केली तरी. इथे तसं संरक्षण असेलच असं धरू नका, म्हणून कागदात लिहिलंय. आणि आजींचीही सही पाहिजे, त्या गायिका आहेत. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
गुरुवार, रात्री १०.५०

आजींची फाइल आली. पहिली व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून आली, त्यात 'म्हां'ची पार भुकटी. त्यांच्या नातवाला म्हटलं फोनच्या रेकॉर्डरवर घे आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. खोली घुमत होती तर पोराने आजींच्या डोक्यावरून गोधडी घेतली, स्वतःही आत शिरला, दहा टेक. चौथ्या टेकला आजी मधेच थांबून म्हणतात, 'अरे, उकडतंय'. सातवा घेतलाय. 'आ' लांबवताना श्वास तुटतो तिथेच शॉटमध्ये त्या सुई टोचतात, आम्ही काही केलेलं नाही, आपोआप बसलं.

साउंडवाला, दोऱ्याची सर्र फार मोठी झालीय, पोतं ओढल्यासारखी वाटते. अर्धी कर.


प्रेषक: साउंडवाला
गुरुवार, रात्री ११.३५

केली. मिक्स अपलोड होतोय. आणि प्लेट सापडली, मीच रेकॉर्डरच्या बुडाला लावून ठेवली होती. वहीत नोंद नाही.


प्रेषक: कार्यवाह
शुक्रवार, सकाळी १०.००

नोंद करावी.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
शुक्रवार, रात्री ११.०४

फायनल एक्स्पोर्ट वर गेलाय, बघून घ्या, पंधरा मिनिटांत फॉर्म सबमिट करतेय. श्रेयनामावली: शब्द संत तुकाराम, चाल काकू, आवाज आजी. अण्णांना 'पाठसंशोधन' दिलंय, नको म्हणाले पण दिलंय.


प्रेषक: भाचा
शुक्रवार, रात्री ११.१३

ताई मस्त झालंय! कळतच नाही. फक्त एक, खाली इंग्रजी सबटायटलमध्ये अजून बीज, अंकुर आणि रोपच आहे.


प्रेषक: ताई (लघुपट गट)
शुक्रवार, रात्री ११.१४

'रत्ने' आणि 'शस्त्रे' चं इंग्रजी कोणीतरी पटकन टाका, चाळीस अक्षरांत, मी एक्स्पोर्ट पुन्हा लावतेय