मदत हवी आहे: लॅच लागलं, किल्ली आतच

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. पायात चप्पलही नाही! गॅस बंद केला होता, तेवढं नशीब. फोन शेजारच्या काकूंचा.

दार आत उघडतं, साधं नाईट लॅच आहे. जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीतून सरकवून पाहिलं, पण चौकटीची खाच आडवी येते. कार्डाचा कोपराच तुटला. काकूंचा मुलगा त्यांच्या बाल्कनीतून आमच्यात उडी मारतो म्हणतोय, मी साफ नाही म्हटलं.

चावीवाला म्हणतो, लॅचचा सिलिंडर (किल्ली घालतो तो भाग) ड्रिल करावा लागेल. लॅच न फोडता उघडणारा कोणी माहितीय का? आणि उघडल्यावर सिलिंडर बदललेला बरा का?